दुसऱ्या फायलीतली गोळी

१९५२ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक चमत्कारिक बातमी झळकली. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागात सी व्ह्यू नावाचं क्षयरोग्यांचं मोठं रुग्णालय होतं. तिथले महिनोन् महिने खाटेला खिळलेले, डॉक्टरांनी आशा सोडलेले रुग्ण चक्क वॉर्डात नाचत होते. डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ आणि डॉ. एडवर्ड रॉबिट्झेक तिथे आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड या दोन नव्या औषधांची चाचणी घेत होते. ताप उतरला, भूक लागली, वजन वाढलं, इथवर सगळं समजण्यासारखं होतं. पण आयप्रोनियाझिड घेणारे काही रुग्ण आजाराच्या मानानं जरा जास्तच खूश होते. फुप्फुसावरचे डाग अजून गेले नव्हते, पण चेहऱ्यावरची कळा पार बदलली होती.

त्याच वर्षी अर्न्स्ट झेलर या संशोधकानं दाखवून दिलं, की आयप्रोनियाझिड शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतं. त्याचं नाव मोनोअमाइन ऑक्सिडेझ, थोडक्यात एमएओ. पुढे १९५७ मध्ये नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि त्याचा गुण आल्याचं जाहीर केलं. क्षयाच्या वॉर्डात सापडलेली गोळी अशा रीतीनं मनोविकारांच्या दवाखान्यात आली. नैराश्यावरच्या पहिल्यावहिल्या आधुनिक औषधांपैकी हे एक.

या दोन घटनांच्या मधे, १९५५ साली, एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका मृत्यूची नोंद छापून आली होती. आयप्रोनियाझिड सुरू असलेल्या क्षयाच्या रुग्णाला पेथिडिन हे वेदनाशामक दिलं गेलं आणि तो दगावला. आयप्रोनियाझिडला तेव्हा कुणी नैराश्यावरचं औषध म्हणतही नव्हतं. म्हणजे या औषधाला त्याची ओळख मिळण्याआधीच त्याचा घातक जोडीदार सापडला होता.

नैराश्यावरच्या औषधांच्या धोकादायक जोड्यांची सारी गोष्ट या एका नोंदीत आली आहे. पाकिटावर ‘क्षयासाठी’, ‘खोकल्यासाठी’ किंवा ‘कंबरदुखीसाठी’ असं काहीही लिहिलेलं असो, पोटात गेल्यावर ते लेबल गळून पडतं. उरतं ते औषधाचं काम. दोन औषधांची कामं एकमेकांच्या वाटेत आली की घोटाळा होतो. आणि बहुतेक वेळा त्यातलं एक औषध असं असतं, की ज्याचा मनाशी काही संबंध असेल अशी रुग्णाला शंकासुद्धा येत नाही.

अंगणाच्या दोन मोऱ्या

सेरोटोनिन हे नाव आता घरोघरी पोचलं आहे. ‘आनंदाचं रसायन’ ही त्याची ओळख मात्र फारच अपुरी आहे. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नसतं, आतड्यांत असतं. रक्तातल्या बिंबिकांमध्येही ते साठवलेलं असतं. मेंदूत ते एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवतं आणि त्यातून झोप, भूक, शरीराचं तापमान, स्नायूंचा ताण अशा अनेक गोष्टींचा तोल राखला जातो. पुढे हे लक्षात ठेवायला हवं, कारण सेरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं की आनंद वाढत नाही. बिघडतात त्या याच सगळ्या गोष्टी.

जुन्या वाड्याचं अंगण डोळ्यांसमोर आणा. पावसाचं पाणी वाहून जायला तिथे दोन मोऱ्या आहेत. चेतापेशींच्या फटीत आलेलं सेरोटोनिन असंच दोन वाटांनी हटतं. पहिली वाट म्हणजे ते सोडणारी पेशीच त्याला पुन्हा आत ओढून घेते. दुसरी वाट एमएओची. पेशीत परतलेल्या सेरोटोनिनचं विघटन करून ते संपवून टाकायचं काम हे एन्झाइम करतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, पॅरोक्सेटिन ही आज सर्वाधिक वापरातली एसएसआरआय गटातली औषधं पहिली मोरी अर्धवट बुजवतात. आयप्रोनियाझिडच्या कुळातली एमएओ-रोधक औषधं दुसरी बुजवतात. एकच मोरी बुजवली तर अंगणात थोडं पाणी साचतं. सुकलेल्या बागेला तेवढंच हवं असतं. दोन्ही एकदम बुजल्या आणि वरून पाऊस लागून राहिला, तर पाणी उंबरठा ओलांडून घरात शिरतं.

या अवस्थेला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. १९९१ मध्ये हार्वी स्टर्नबाख यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या ३८ रुग्णांच्या नोंदी तपासून त्याच्या निदानाचे निकष मांडले. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विषबाधातज्ज्ञांनी त्याहून नेमके ‘हंटर निकष’ दिले आणि आज तेच अधिक वापरले जातात.

एमएओ-रोधक औषधांचं वैर फक्त औषधांशी नाही, जेवणाशीही आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना एका फार्मासिस्टचं पत्र आलं. त्याची पत्नी अशीच एमएओ-रोधक गोळी घेत होती आणि चीज खाल्लं की तिचं डोकं असह्य ठणकायचं. कल्पना हसण्यावारी नेण्यासारखीच होती. पण ब्लॅकवेलनी तिचा पिच्छा पुरवला आणि १९६३ मध्ये हा संबंध जगापुढे आणला. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. एरवी आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ त्याची वासलात लावतं. ते एन्झाइमच बंद असेल तर टायरामिन थेट रक्तात पोचतं, रक्तदाब एकाएकी भडकतो, प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होतो. आपलं ताजं पनीर यातून सुटतं, कारण टायरामिन तयार होतं ते पदार्थ मुरताना.

न्यूयॉर्कमधली एक रात्र

४ मार्च १९८४ च्या रात्री अठरा वर्षांच्या लिबी झायन या कॉलेजकन्येला न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालयात आणलं गेलं. ताप होता आणि हातापायांना विचित्र झटके येत होते. नैराश्यासाठी ती फेनेल्झिन घेत होती. हे औषध एमएओ-रोधक गटातलं. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिन दिलं गेलं. पुढे तिची अस्वस्थता वाढतच गेली, तेव्हा तिला खाटेला बांधून शांत करणारं इंजेक्शन दिलं. पहाटे ताप १०७ अंश फॅरनहाइटवर पोचला. सकाळी ती गेली.

फेनेल्झिनवर असलेल्या रुग्णाला पेथिडिन देऊ नये ही सूचना औषधांच्या संदर्भग्रंथात छापलेली होती. १९५५ च्या त्या मृत्यूला तर एकोणतीस वर्षं होऊन गेली होती. ती माहिती त्या रात्री त्या खाटेपर्यंत पोचली नाही. मृत्यूचं नेमकं कारण काय यावर कोर्टात अनेक वर्षं वाद झाला. तरी ही जोडीच बहुधा कारणीभूत असावी, असं मानणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. लिबीचे वडील सिडनी झायन वकील आणि पत्रकार होते. त्यांनी प्रश्न लावून धरला तो थकलेल्या, एकट्या पडलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम आला, की निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ८० तासांहून आणि सलग २४ तासांहून अधिक काम करू नये.

भारतात जुनी एमएओ-रोधक औषधं नैराश्यासाठी आता क्वचितच दिली जातात. तेव्हा ही गोष्ट परदेशातली आणि जुनी, असं म्हणून पान उलटायचा मोह होईल. पण तोच घोटाळा आपल्याकडे वेगळ्या वेषात येतो. लिबी कोणती गोळी घेते हे निदान डॉक्टरांना विचारता आलं होतं. आपल्याकडे पुष्कळदा ती गोळी असते दुसऱ्याच फायलीत.

आपल्या घरांत शुगरची फाइल असते, हाडांच्या डॉक्टरांची असते, हृदयाची तर जाडजूड असते. मनोविकारतज्ज्ञांची फाइल मात्र कपाटात साड्यांच्या थराखाली असते. दवाखान्यात सोबत नणंद किंवा शेजारीण असते आणि डॉक्टर विचारतात, ‘कुठली औषधं सुरू आहेत?’ उत्तर येतं, ‘बीपीची आणि शुगरची.’ या उत्तरात खोटं काही नाही. फक्त त्यात एक गोळी कमी आहे.

ओळख लपवलेली औषधं

आता त्या कमी असलेल्या गोळीला कोण कोण भेटू शकतं ते पाहू.

ट्रॅमाडॉल हे शस्त्रक्रियेनंतर, सांधेदुखीत, कंबरदुखीत सर्रास दिलं जाणारं वेदनाशामक. व्यसनाच्या धोक्यामुळे २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आलं. त्याचा दुसरा गुण कमी लोकांना ठाऊक आहे. तेही सेरोटोनिनची पहिली मोरी काही प्रमाणात बुजवतं. एसएसआरआयसोबत ते घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोमचा आणि फिट येण्याचा धोका वाढतो. त्यातून सोबतचं औषध पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन असेल तर आणखी एक गुंता होतो. यकृतात ट्रॅमाडॉलचं अधिक प्रभावी वेदनाशामक रूप तयार व्हावं लागतं आणि ते काम करणारं एन्झाइम ही दोन औषधं अडवतात. म्हणजे दुखणं म्हणावं तसं थांबत नाही, म्हणून रुग्ण आणखी एक गोळी घेतो आणि सेरोटोनिनची भर वाढवतो.

कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. नेहमीच्या मात्रेत ते बहुतेकांना निरुपद्रवी असतं. एमएओ-रोधकांसोबत मात्र ते अजिबात चालत नाही, आणि एसएसआरआयवर असलेल्या माणसानं मनानं बाटली तोंडाला लावण्याचा प्रकार टाळलेलाच बरा.

शीघ्रपतनावर डॅपोक्सेटिन नावाची गोळी मिळते. अनेकदा ती लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधाबरोबर एकत्र करून विकली जाते. मुळात हे औषध एसएसआरआयच आहे, फक्त झटपट शरीरात भिनणारं आणि झटपट ओसरणारं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक सामान्य दुष्परिणाम लैंगिक आयुष्यावर होतो. तो मनोविकारतज्ज्ञाला सांगायची लाज वाटते आणि माणूस परस्पर मेडिकलमधून काहीतरी घेऊन येतो. दोन गोष्टी लपवल्या गेल्या की त्यांची आतल्या आत गाठ पडणं सोपं जातं.

‘गॅसच्या’, ‘टेन्शनच्या’ किंवा ‘झोपेच्या’ म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. फ्लुपेन्टिक्सॉल आणि मेलिट्रॅसेन यांची जोडगोळी भारतात पोटाच्या तक्रारींसाठीही लिहून दिली जाते. यातलं मेलिट्रॅसेन ट्रायसायक्लिक कुळातलं, म्हणजे नैराश्यावरच्या जुन्या औषधांचं भावंड. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम एकाच गोळीत मिळतात. फॅमिली डॉक्टरांनी झोपेसाठी ती दिली आणि मनोविकारतज्ज्ञांनी दुसऱ्या कंपनीचं एस्सिटालोप्रॅम दिलं, तर माणूस एकच औषध दोन नावांनी, दुप्पट मात्रेत घेत राहतो. नावं वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे; मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम मात्रेनुसार हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये सिटालोप्रॅमची कमाल मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅमवर आणली आणि साठीपुढच्यांसाठी ती २० ठरवली.

यकृताचा टोलनाका

आतापर्यंतच्या जोड्या एकाच दिशेनं ढकलणाऱ्या होत्या. दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांत औषधं एकमेकांचं काम वाढवत नाहीत. एक जण दुसऱ्याची बाहेर पडायची वाट अडवतो.

आपण घेतलेली बहुतेक औषधं यकृतातल्या एन्झाइमांकरवी मोडून बाहेर टाकली जातात. टोलनाक्यावर ठरावीक गाड्यांसाठी ठरावीक खिडक्या असाव्यात तशी ही व्यवस्था असते. नैराश्यावरच्या काही गोळ्या यातली खिडकीच बंद करतात. मग मागची गाडी तिथेच अडकते आणि रांग वाढत जाते, म्हणजेच रक्तातलं त्या दुसऱ्या औषधाचं प्रमाण चढत जातं.

अॅमिट्रिप्टिलिन हे याचं नेहमी भेटणारं उदाहरण. ट्रायसायक्लिक कुळातलं हे जुनं औषध आज छोट्या मात्रेत अर्धशिशीसाठी, मधुमेहानं होणाऱ्या पायांच्या जळजळीसाठी, झोपेसाठी दिलं जातं. १० मिलिग्रॅमची बारीकशी गोळी, कुणाला तिची भीती वाटत नाही. पण फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन सुरू असेल तर या कुळातल्या औषधांची रक्तातली पातळी दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही वर जाऊ शकते. छोट्या मात्रेत ते निभावून जातं. पण मात्रा वाढवत नेली तर तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, गोंधळल्यासारखं होणं इथपासून ते हृदयाची लय बिघडण्यापर्यंत मजल जाते.

फ्लुवोक्सामिनचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, हे औषध दिलं जातं. पाठ धरली, मान आखडली की स्नायू सैल करायला टिझानिडिन देतात, अनेकदा वेदनाशामकासोबत एकाच गोळीत. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना फ्लुवोक्सामिन दिलं आणि त्यावर टिझानिडिनची एकच छोटी गोळी दिली. टिझानिडिनचं शरीरातलं एकूण प्रमाण सरासरी ३३ पट झालं. रक्तदाब घसरला, गुंगी आली. आता मुंबईच्या लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करणाऱ्या, पाठ धरली म्हणून मेडिकलमधून गोळी घेतलेल्या माणसाला असं झालं, तर तो खाली पडेल आणि लोक म्हणतील, ‘सकाळी काही खाल्लं नसेल.’

स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. त्याचं खरं काम करणारं रूप यकृतात तयार होतं. पॅरोक्सेटिन नेमकी तीच खिडकी बंद करतं. २०१० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या स्त्रियांनी टॅमॉक्सिफेनसोबत अधिक काळ पॅरोक्सेटिन घेतलं त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू अधिक आढळले. यावर शास्त्रज्ञांत पुढेही चर्चा होत राहिली. तरी अशा वेळी ही खिडकी फारशी न अडवणारं दुसरं औषध निवडणं सोपं आहे, आणि कर्करोगतज्ज्ञाला मनाच्या गोळीचं नाव कळलं तर तो तेच करतो.

रक्त आणि मीठ

दोन धोके असे आहेत, की ज्यांचा गाजावाजा होत नाही, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेच अधिक भोवतात.

पहिला रक्तस्रावाचा. रक्तातल्या बिंबिका स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, बाहेरून आत ओढून घेतात आणि जखमेपाशी ते सोडून गुठळी धरायला मदत करतात. एसएसआरआय ही आत ओढण्याची वाटच रोखतात. एकट्यानं याचा त्रास बहुतेकांना होत नाही. पण सोबत गुडघेदुखीसाठी रोजची डायक्लोफिनॅक, हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी वॉरफेरिन असेल, तर जठरात रक्तस्राव होण्याची शक्यता बरीच वाढते. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर हे आठवायला हवं.

दुसरा धोका सोडियम उतरण्याचा. एसएसआरआयमुळे वृद्धांच्या शरीरात पाणी धरून राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांसारखी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर सोडियम आणखी झपाट्यानं उतरतं. आजी अचानक विसरायला लागतात, चालताना तोल जातो, दिवसभर झोपून राहतात. घरचे म्हणतात, वय झालं. साधी रक्ततपासणी हा उलगडा करू शकते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ती करून घ्यावी.

गोळी थांबली, औषध नाही

‘मी ती गोळी गेल्या आठवड्यातच बंद केली,’ हे वाक्य फसवं आहे. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात बनणारं नॉरफ्लुओक्सेटिन बाहेर पडायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर एमएओ-रोधक सुरू करायला किमान पाच आठवडे थांबावं लागतं. इतर बहुतेक एसएसआरआयच्या बाबतीत दोन आठवडे पुरतात. उलट्या दिशेनंही दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, कारण फेनेल्झिनसारख्या औषधानं बंद पाडलेलं एन्झाइम पुन्हा चालू होत नाही. शरीराला ते नव्यानं घडवावं लागतं.

याचा अर्थ घाबरून गोळ्या एकदम सोडाव्यात असा मुळीच नाही. तसं केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात आणि मूळचं नैराश्य परतून येण्याची भीती असते. शिवाय दोन औषधांची प्रत्येक जोडी वाईट नसते. एका गोळीनं पुरेसा गुण येत नसेल तर मनोविकारतज्ज्ञ विचारपूर्वक दुसरी जोडतात, मात्रा हळूहळू वाढवतात, लक्ष ठेवतात. घात होतो तो दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत बांधलेल्या जोडीनं.

गोष्ट पुन्हा क्षयाच्या वॉर्डात

स्टेटन आयलंडवर सुरू झालेली ही गोष्ट आता मुंबईत येते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा मोठा भार हे शहर वाहतं. या क्षयावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सुचवलेल्या आणि आता भारतातही आलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड ही चार औषधं आहेत. पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारे उपचार यामुळे सहा महिन्यांवर आले, ही केवढी मोठी गोष्ट आहे हे शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या वाऱ्या केलेल्या कुणालाही विचारा.

यातलं लिनेझोलिड सौम्य प्रमाणात एमएओ-रोधक आहे. म्हणजे दुसरी मोरी तेही थोडी बुजवतं. सत्तर वर्षांपूर्वी आयप्रोनियाझिडनं जे केलं त्याच वाटेनं हे नवं औषध जातं, आणि पुन्हा क्षयाच्याच वॉर्डात. दीर्घ आजार, एकटेपण, सुटलेली नोकरी यांमुळे या रुग्णांत नैराश्य नवलाचं नाही. सायक्लोसेरिनसारखी क्षयावरची काही औषधं स्वतःही मनावर परिणाम करतात. अशा रुग्णाच्या हातात एसएसआरआयची चिठ्ठी पडणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनही हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात, त्यात एस्सिटालोप्रॅमची भर नको असते.

अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये लिनेझोलिड आणि एसएसआरआय यांच्या जोडीबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. त्याच वेळी मेथिलीन ब्लूबद्दलही दिला. शस्त्रक्रियेत ग्रंथी रंगवायला वापरलेला हा निळा रंग एमएओचा चांगलाच जबरदस्त रोधक निघाला. पण इशाऱ्याला प्रमाणही हवं. ऑन्टारिओतच लिनेझोलिड घेतलेल्या ११३४ वृद्ध रुग्णांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत सेरोटोनिन सिंड्रोम अर्ध्या टक्क्याहूनही कमी जणांना झाला आणि नैराश्यावरची गोळी घेणाऱ्यांत तो अधिक दिसला नाही. अर्थात ते उपचार थोड्या दिवसांचे होते आणि क्षयाचे महिनोन् महिने चालतात. तेव्हा ही जोडी कायमची निषिद्ध ठरत नाही. ती एकमेकांची औषधं माहीत असलेल्या दोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली असावी, एवढंच.

ओळखायचं कसं?

सेरोटोनिन सिंड्रोम सावकाश येत नाही. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर बहुतेकांना काही तासांतच, बहुधा २४ तासांच्या आत लक्षणं दिसतात. बेचैनी, दरदरून घाम, जुलाब, हातांना कंप, छातीत धडधड, मोठ्या झालेल्या बाहुल्या ही सुरुवात. पुढे ताप चढतो, स्नायू ताठरतात, भान जातं. डॉक्टर एक सोपी चाचणी करतात. पाऊल झटक्यानं वर ढकलून धरतात. ते लयीत थडथड उडत राहिलं तर संशय पक्का होतो. पायांतला हा थरकाप हातांपेक्षा अधिक ठळक असतो. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नये. रुग्णालय गाठावं आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात.

उपचारांत पहिलं पाऊल म्हणजे कारण ठरलेलं औषध थांबवणं. मग अंग थंड करणं, स्नायू आणि मन शांत करणारी औषधं देणं. गरज पडली तर सायप्रोहेप्टाडिन देतात. हे नाव आपल्या घरांना अनोळखी नाही. मूल जेवत नाही म्हणून भूक लागण्याचं जे गोड सिरप आणलं जातं त्यात पुष्कळदा हेच असतं. ते सेरोटोनिनचे निरोप अडवतं, म्हणून इथे कामाला येतं. लेबलवर ‘भूक’ लिहिलेलं असलं तरी वेळ आली की ते वेगळंच काम करतं.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच काय, रुग्णसुद्धा दुष्परिणाम कळवू शकतो. मनाच्या त्रासासाठी बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे.

पण यंत्रणेआधी लागते ती एक साधी प्लास्टिकची थैली. घरातल्या सगळ्या पट्ट्या त्यात घालाव्यात. बीपीची, शुगरची, गॅसची, झोपेची, खोकल्याची अर्धी बाटली, ऑनलाइन मागवलेली वनस्पतीची कॅप्सूल, वैद्यांचं चूर्ण, आणि साड्यांच्या थराखालची ती पट्टीसुद्धा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती थैली टेबलावर उपडी करावी. सोबतच्या नणंदेपुढे नको वाटत असेल तर तिला बाहेर बसवून करावी. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. त्यांनी नवी गोळी लिहिली की विचारावं, ‘यातल्या कुणाशी हिचं वाकडं तर नाही ना?’ टेबलावर सांडलेल्या त्या पट्ट्यांतून डॉक्टरांची नजर फिरेल, एखादी पट्टी उचलून ते तिची मागची बारीक अक्षरं वाचतील, आणि कदाचित लिहिलेली चिठ्ठी फाडून दुसरी लिहितील.